मध्ययुगीन मराठी गाव कोणत्या कायद्यावर चालायचं? (गोतसभा, महजर, वतन)

कऱ्हाकाठ

सतराव्या शतकातला एखादा महजर, म्हणजे सभेसमोर लिहिलेला निवाड्याचा कागद, वाचायला घ्या. वाद कशाचा होता हे कळायच्या आधी माणसांचीच यादी लागते. वर तारीख, मग 'हाजीर मजालसी': ठाण्याचा हवालदार, काजी किंवा त्याचा नायब, परगण्याचे देशमुख-देशपांडे, आसपासच्या गावांचे मोकदम म्हणजे पाटील, पेठेचे शेटे-महाजन आणि सगळ्यात शेवटी बलुतेदार. कागदाच्या अखेरीस ज्याची त्याची निशाणी. पाटलाचा नांगर, परटाची मोगरी, न्हाव्याचा आरसा. लिहिता येत नसलं तरी आपल्या हत्याराचं चित्र काढलं की ती सही.

मी हौसेने मोडी वाचतो. असे कागद वाचताना एक गोष्ट पटत गेली ती इथे मांडतो. निजामशाही-आदिलशाहीच्या काळापासून पेशवाई संपेपर्यंत आपल्या देशावरच्या गावाला आकार दिला तो मुख्यतः वतनाच्या कायद्याने, आणि हा कायदा शेजाऱ्यांच्या आठवणीत राहायचा. विजापूरला कोण बसलंय याने सारा कमीजास्त व्हायचा, ठाणेदार बदलायचा. पण पाटीलकी कुणाची, शिव कुठून जाते, सुताराला खळ्यावर किती पेंढ्या, हे ठरवायला गोतच, म्हणजे वतनदार-बलुतेदारांची सभाच, बसायची.

पद्धत अशी. फिर्यादी आणि प्रतिवादी दोघांकडून आधी राजीनामा घ्यायचे, म्हणजे 'गोत सांगेल ते मान्य' असं लेखी. दोघांनी जमान म्हणजे जामीन द्यायचे. मग दोघांची तकरीर, म्हणजे जबानी, लिहून घ्यायची. इथल्या गोतावर विश्वास नसेल तर परस्थळ मागता यायचं आणि वाद दुसऱ्या गावच्या, दुसऱ्या परगण्याच्या सभेपुढे जायचा. साक्षी झाल्या, जुने कागद पाहिले, की निवाडा. जिंकणाऱ्याने हरकी म्हणजे जिंकल्याची रक्कम भरायची, हरणाऱ्याने गुन्हेगारी म्हणजे दंड. हरणाऱ्याकडून वर येजितखत लिहून घ्यायचे, की आता या वतनाशी माझा संबंध नाही.

वतन म्हणजे वंशपरंपरेने चालणारं काम आणि त्या कामाचा मोबदला. तो पाटलाचा, कुलकर्ण्याचा, सुताराचा, लोहाराचा, चौगुल्याचा, जोशाचा, महाराचाही. ते विकता येई, गहाण टाकता येई, भावांत वाटता येई, पण त्याला गोताची साक्ष लागे. शेतकऱ्यांतही दोन जाती पडल्या. मिरासदाराची जमीन बापजाद्यांची, तो दुष्काळात परागंदा झाला तरी परतल्यावर तिच्यावर हक्क सांगू शके. उपरी आज इथे, उद्या तिथे. त्याचा धारा कमी असे, पण गावच्या बैठकीत त्याला शब्द नसे.

आता याचा परिणाम बघा. ज्याच्याकडे वतन तो गाव सोडायला तयार नाही. सोडलं तरी पोरं-नातवंडं हक्क सांगत परत येतात. एका पाटीलकीवर चार भाऊ, मग सोळा चुलतभाऊ. पोळ्याला कुणाचा बैल आधी, होळीला पोळी कुणाची आधी, विडा कुणाच्या हातात आधी, यावर पिढ्यानुपिढ्या भांडणं. भाऊबंदकी हा मराठी स्वभाव आहे असं आपण सहज म्हणतो. माझ्या मते तो स्वभाव नसून कायद्याचा परिणाम आहे. विज्ञानेश्वराची मिताक्षरा कल्याणीच्या चालुक्यांच्या दरबारात, सहाव्या विक्रमादित्याच्या काळात लिहिली गेली. तिचा दंडक असा की मुलगा जन्मतःच वडिलोपार्जित मिळकतीचा भागीदार. गावात या तत्त्वाची वतनाशी गाठ पडली आणि मान-हक्कांच्या तक्षिमा, म्हणजे वाटण्या, होत गेल्या. जमीन मोजून वाटता येते, पहिला विडा वाटता येत नाही.

राजासुद्धा या चौकटीला जपून हात लावायचा. रांझ्याचा पाटील बाबाजी गुजर याने बदअंमल केला म्हणून शिवाजीराजांनी त्याचे हातपाय तोडले, ते १६४६ चं पत्र सगळ्यांना माहीत आहे. त्याच पत्रात पुढे पाटीलकी दिली आहे ती त्याच्याच भाऊबंदाला, आणि बाबाजीला सांभाळायचं कामही त्याच्याकडेच. माणसाला शिक्षा झाली, वतन घराण्यात राहिलं.

तुमच्याकडे असे कागद, गावचे संकेत, आठवणी असतील तर लिहा.

---

शिवारफेरी

उत्तम धागा. एक शंका. साक्षीदार दोन्हीकडून सारखेच निघाले आणि कागद जळालेला किंवा बनावट निघाला, तर निवाडा कसा करत? दिव्य वगैरे खरंच होत असे का?

---

कऱ्हाकाठ

@शिवारफेरी, होत असे, आणि पेशवाईतही होत असे. वतनाच्या वादात जास्त आढळतं ते रवादिव्य. तूप आणि तेल कढवायचं, त्यात धातूचा तुकडा टाकायचा आणि दिव्य करणाऱ्याने तो हाताने काढायचा. त्याआधी हात धुवून, नखं काढून, हातावरचे जुने डाग-वण लिहून ठेवत. तुकडा काढल्यावर हात पिशवीत घालून वर मोहर करत आणि ठरल्या दिवशी सभेसमोर पिशवी उघडत. फोड नसेल तर खरा. दुसरा प्रकार नदीच्या पात्रात उभं राहून साक्ष देण्याचा. पूर्वजांना स्मरून पाण्यात उभं राहून खोटं बोलायला भलेभले कचरत.

महत्त्वाचं हे की दिव्य हा शेवटचा उपाय असे. दिव्याची तारीख ठरल्यावर आयत्या वेळी एक पक्ष माघार घेई किंवा गोत मध्ये पडून वाटणी करून देई. उकळतं तेल समोर आलं की तडजोड सुचते. मला वाटतं गावकऱ्यांना ते पुरतं ठाऊक होतं.

---

येसकरवाडा

लेख मन लावून वाचला. माहिती चोख आहे. पण यादीत 'सगळ्यात शेवटी बलुतेदार' असं तुम्ही सहज लिहून गेलात, आणि त्या बलुतेदारांतही शेवटी कोण असे ते लिहिलं नाहीत. ते मी लिहितो, कारण ती आमची जागा.

गावची शिव कुठून जाते हा वाद आला की महाराला बोलवत. त्याने शिव चालून दाखवायची. त्याची पावलं जिथून गेली ती हद्द, मग दोन्ही गावचे पाटील ती मानणार. म्हणजे ज्याला गावकुसाच्या आत घर बांधता येत नव्हतं, त्याच्या शब्दावर गावाची हद्द ठरत होती. गोतसभेला लोकशाही म्हणून गौरवणाऱ्यांनी हे दोन्ही एकत्र बघावं. त्याचं ज्ञान गावाला हवं होतं, माणूस नको होता.

आणि वतन! पाटलाला वतन म्हणजे मान. महाराला वतन म्हणजे काय? सरकारी माणूस आला की ओझं वाहायचं, वर्दी द्यायची, साऱ्याचे पैसे कसब्याला पोचवायचे, रात्री गस्त, मेलेलं ढोर ओढायचं, शिमग्याला लाकडं फोडायची. दिवस-रात्र कधीही हाक येई. बदल्यात हाडकी-हाडोळ्याचा, म्हणजे महारकीच्या इनाम जमिनीचा, तुकडा आणि खळ्यावरचं बलुतं, तेही मागून घ्यायचं. बेदरच्या बादशहाने अमृतनाक या महाराला बावन्न हक्क दिले ही कथा आमच्या आज्या अभिमानाने सांगत. मी तिचा आदर करतो. पण त्या बावन्न हक्कांची यादी ऐकली तर बरेचसे हक्क म्हणजे दुसऱ्याने टाकलेलं उचलायचा हक्क आहे.

कायद्याने समाज घडतो म्हणता ना, मग हे सगळ्यात ठळक उदाहरण घ्या. वंशपरंपरा म्हणजे सुटका नाही. मुलगा जन्मला तोच महारकीला बांधलेला. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात महार वतनाबद्दलचं विधेयक आणलं ते याचसाठी. त्यांना १८७४ चा वंशपरंपरागत हुद्द्यांचा कायदा बदलून हवा होता, म्हणजे मध्ययुगातला गावगाडा इंग्रजांनी छापील कायद्यात उचलून ठेवला होता. आणि ही वतनं प्रत्यक्ष गेली कधी? १९५८ चा कायदा, १९५९ पासून अंमल. माझ्या आजोबांनी ऐन उमेदीत वतनाची कामं केली आहेत. आमच्या घरात हे मध्ययुग तीन पिढ्यांइतकं जवळ आहे.

---

कऱ्हाकाठ

@येसकरवाडा, मनापासून धन्यवाद. तुमचा प्रतिसाद धाग्याच्या मूळ लेखाइतकाच महत्त्वाचा आहे. एकाच कायद्याने पाटलाला गावात रोवलं आणि महाराला गावाला जुंपलं. मिरासदार हक्काने परत येई, महाराला निघून जायचीच मुभा नव्हती. बाकी प्रतिसाद देणाऱ्यांनी हे धरूनच पुढे लिहावं अशी विनंती.

---

टेम्सतीर

मी इंग्लंडमध्ये राहतो आणि इथल्या मध्ययुगीन गावांबद्दल वाचत असतो. तुलना करायचा मोह आवरत नाही.

इथे बारा वर्षांवरच्या पुरुषांना साधारण दहा-दहांच्या टोळ्यांत बांधलेलं असे. टोळीतल्या एकाने गुन्हा करून पळ काढला तर बाकीच्यांना दंड. आपल्याकडच्या जमानासारखंच, फक्त इथे ते आख्ख्या गावाला सक्तीचं. १२८५ चा विंचेस्टरचा कायदा तर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना दोनशे फुटांपर्यंत झुडपं साफ ठेवा म्हणतो, दरोडेखोर दडू नयेत म्हणून. नगराच्या वेशी सूर्यास्त ते सूर्योदय बंद. आणि परिसरात दरोडा पडून चोर सापडला नाही तर भरपाई तिथल्या रहिवाशांनी करायची. शेजारधर्म कायद्याने कसा घडतो ते यात दिसतं.

दिव्याचं बोलायचं तर इथेही तापलेलं लोखंड आणि पाण्यात बुडवणं होतं. ११६६ मध्ये दुसऱ्या हेन्रीने प्रत्येक भागातल्या बारा माणसांनी शपथेवर संशयितांची नावं द्यावी असा नियम केला, आणि मग त्या संशयितांना पाण्याचं दिव्य. पण १२१५ मध्ये रोमच्या धर्मसभेने पाद्र्यांना दिव्यात भाग घ्यायला बंदी केली. पाद्री नाही तर दिव्य नाही. न्यायाधीशांपुढे प्रश्न उभा राहिला, आता खरंखोटं ठरवायचं कसं? मग तीच शेजारची बारा माणसं निकालही देऊ लागली. ज्यूरी अशी रुजली. आपल्याकडे गोत आणि दिव्य शेवटपर्यंत जोडीने चालले, इथे दिव्य गेलं आणि गोत उरलं.

पण मोठा फरक मजुरीच्या कायद्यात. १३४८ मध्ये प्लेग आला, माणसं किड्यामुंगीसारखी मेली. उरलेले मजूर दुप्पट मजुरी मागू लागले. जमीनदारांनी १३४९ चा हुकूम आणि १३५१ चा कायदा आणवला: मजुरी प्लेगच्या आधीच्या दरानेच घ्यायची, साठीच्या आतल्या धडधाकट माणसाने मिळेल ते काम नाकारायचं नाही. तीस वर्षांनी, १३८१ मध्ये, डोईपट्टीचं निमित्त होऊन भडका उडाला. शेतकऱ्यांनी ठिकठिकाणी जहागिरींच्या न्यायालयांचे दप्तर काढून जाळले, कारण कोण कुणाचा बांधील हे त्या चामड्यावर लिहिलेलं होतं. मला याचं नवल वाटतं की इथल्या माणसांनी दप्तर जाळलं आणि आपल्याकडच्यांनी महजर देवघरात जपून ठेवले.

---

शिवारफेरी

@टेम्सतीर, आपल्याकडेही जाळले हो. १८७५ मध्ये सुप्याच्या बाजारात सावकारांची खतं आणि हुकूमनामे ओढून जाळले, तिथून दंगे पुणे-नगर भागात पसरले. पण ती इंग्रजी कोर्टातली कर्जाची कागदपत्रं होती. कुणब्याच्या विरोधात वापरला जाणारा कागद त्याने जाळला. महजर त्याच्या बाजूचा होता, निदान मिरासदाराच्या तरी.

---

कऱ्हाकाठ

@शिवारफेरी, नेमकं.

@टेम्सतीर, मजुरीच्या कायद्याबद्दल तुम्ही लिहिलंत ते फार उपयोगी आहे, कारण दख्खनमध्ये तीच अडचण उलट्या कायद्याने सोडवली. इथे जमीन भरपूर आणि कसणारी माणसं थोडी. १६३० च्या दुष्काळासारखा दुष्काळ पडला की मुलूख ओस. कुणबी नाराज झाला तर भांडत बसत नसे, बैल जुंपून दुसऱ्याच्या मुलखात जाई. मग सरकारने काय करावं? कौल द्यायचा. 'या, वस्ती करा, पहिल्या वर्षी अमुक इतकाच धारा, पुढे दरवर्षी थोडा वाढवत काही वर्षांनी पुरा.' याला इस्तावा म्हणत. बैल-बियाणाला मदत. गावचा पाटील कुळं परत आणतो की नाही यावर त्याची किंमत ठरे. शिवाजीराजांचं १६७६ चं प्रभावळीच्या सुभेदाराला लिहिलेलं पत्र बघा. रयतेच्या भाजीच्या देठालाही हात लावू नये ही ताकीद आणि ज्याला बैल-नांगर नाही त्याला ते द्यावेत ही आज्ञा एकाच पत्रात आहे. त्यात कणव आहेच, आणि रयत गेली तर राज्य कशावर चालणार हा रोकडा हिशेबही आहे. दोन्ही खरं.

मात्र ही सवलत कुणब्याला होती. येसकरवाडा यांनी ज्यांच्याबद्दल लिहिलं त्यांना कौल कुणी देत नव्हतं.

---

तिसवाडीकार

गोंयचा मजकूर घालतो, कारण तिथे हा सगळा संकेत पोर्तुगिजांनी लिहूनच काढला. १५२६ मध्ये अफोंसो मेशिया या पोर्तुगीज अधिकाऱ्याने तिसवाडीतल्या गांवकारींच्या चालीरीती टिपून त्याचा फोराल, म्हणजे सनद, केला. लेखी रूप नवं, संकेत त्यांच्या येण्याआधीचा.

गांवकारी म्हणजे गाव वसवणाऱ्या मूळ कुळांची संस्था. जमीन गांवकारीची, एकट्याची नव्हे. शेतं ठरावीक मुदतीने पावणीला म्हणजे लिलावाला काढायची, आलेल्या पैशातून आधी सरकारचा धारा, देवळाचा खर्च, बांधांची डागडुजी, आणि उरलं त्यातून गांवकारांना जोण म्हणजे वाटा. कुळागणिक वांगड म्हणजे गट, आणि निर्णय सगळ्या वांगडांच्या संमतीने. कुळकर्णी ते लिहून ठेवणार.

याचा खरा परिणाम बघायचा तर मांडवी-जुवारीकाठची खाजनं बघा. भरतीचं खारं पाणी बांधांनी अडवून मागे भातशेती आणि मानशीतून म्हणजे बांधातल्या झडपेच्या दारातून पाणी आत-बाहेर. एक बांध फुटला तर सगळ्यांची शेतं खारावतात, त्यामुळे बांध हे एकट्याचं काम होऊच शकत नाही. मला वाटतं या चिखलानेच गांवकारीचा नियम घडवला आणि मग त्या नियमाने तो चिखल शेकडो वर्षं शेत म्हणून राखला. देशावर भाऊबंद वतन वाटत सुटले, आमच्याकडे जमीन अखंड राहिली आणि वाटणी फक्त उत्पन्नाची झाली. त्यामुळे @कऱ्हाकाठ यांचं भाऊबंदकीबद्दलचं म्हणणं मला पटतं, नियम वेगळा तर भांडणही वेगळं.

पण आमच्याकडेही कुळंबी, गावडे, मुंडकार या चौकटीबाहेर. खणणारे तेच, जोण मात्र गांवकाराला. आणि जोण पुरुषांच्या वंशालाच. माझ्या आजीचं माहेर गांवकार घराणं, पण तिच्या नावाला जोण कधी आली नाही.

---

रामपारी

@तिसवाडीकार, शेवटचं वाक्य वाचून लिहावंसं वाटलं. देशावर तरी बायकांना काय होतं? विधवेला वतन राखायचं तर दत्तक घ्यायचा, त्याला भाऊबंदांची संमती आणि सरकारची नजर. म्हणजे जे भाऊबंद वतनावर टपलेले, त्यांच्याकडूनच होकार मिळवायचा. किती बायकांनी यापायी आयुष्यभर उंबरे झिजवले असतील.

पण कागदात त्या अगदीच नाहीत असंही नाही. धनी मेल्यावर अज्ञान मुलाच्या नावाने आई वतन चालवते, तकरीर देते, परस्थळ मागते. आणि स्वतः निवाडा करणाऱ्या जिजाबाई तर आहेतच. पुणे परगण्यातल्या वतनांच्या वादात त्यांनी दिलेले निर्णय कागदोपत्री आहेत. शाळेत आम्हाला त्या फक्त गोष्टी सांगणाऱ्या आई म्हणून भेटल्या. न्यायनिवाडा करणाऱ्या बाई म्हणून भेटायला हव्या होत्या.

---

येसकरवाडा

@रामपारी ताई, पूर्ण सहमत. याच धर्तीवर अजून एक. वाळीत टाकणं हीसुद्धा गोतसभेचीच शिक्षा. अग्नी-पाणी बंद, न्हावी-परीट बंद, लग्नाला मुलगी नाही, प्रेताला खांदा नाही. परत यायचं तर दंड आणि गोताला जेवण. तुरुंगाची गरजच नव्हती. गावाबाहेर जगताच येत नाही अशी व्यवस्था असेल तर गाव हाच तुरुंग होतो. महाराष्ट्राला सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा २०१६ मध्ये करावा लागला, यावरून ती गोतसभा किती टिकाऊ निघाली ते समजा.

---

कऱ्हाकाठ

खरं आहे. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रातही वतनदारांबद्दल कडक लिहिलं आहे. हे लोक छोटे असले तरी स्वतंत्र देशनायकच आहेत, नवं वतन मिळवावं, दुसऱ्याचं बळकवावं हीच यांची वृत्ती, असा त्याचा भाव. पण त्यांना दुखवू नये, स्नेह आणि दंड यांत ठेवावं असंही तिथेच सांगितलंय. राज्यकर्त्याला त्यांची गरज होती, कारण गावाची माहिती त्यांच्याजवळ. म्हणून ज्यांना वरून कुणी आवरायचं, त्यांच्याच हाती खालचा न्याय राहिला. खालच्याने दाद मागायची कुठे, याचं उत्तर त्या व्यवस्थेत नव्हतं.

---

माळरान

उशिरा आलो. आमच्या घरी पेटाऱ्यात मोडी कागदाची एक लांब गुंडाळी आहे. सुतारकीच्या वतनाची असं आजोबा म्हणत. एका ठिकाणी बाळबोधीत कुणीतरी नंतर लिहिलंय: 'सुहूर सन इसन्ने खमसैन अलफ'. हे साल कोणतं? आणि गुंडाळी उलगडू का? कडा तुटतायत.

---

कऱ्हाकाठ

@माळरान, अरे वा! सुहूर सनात आकडे अरबी शब्दांत आणि एकंपासून वर लिहितात. इसन्ने म्हणजे दोन, खमसैन पन्नास, अलफ हजार. झालं १०५२. त्यात ५९९ किंवा ६०० मिळवायचे. वर्ष मृगाला बदलतं, म्हणून मृगापासून डिसेंबरपर्यंतचा कागद असेल तर १६५१, जानेवारीनंतरचा असेल तर १६५२. पुढे महिना मुसलमानी दिला असेल, उदाहरणार्थ रबिलावल किंवा जमादिलाखर, त्यावरून नेमकं ठरवता येईल.

गुंडाळी स्वतः उलगडू नका. कागद एकाखाली एक चिकटवलेले असतात आणि जुनी खळ सुकली की सांधा तडकतो. सेलोटेप आणि लॅमिनेशन अजिबात नको. सुती कापडात सैल गुंडाळून कोरड्या जागी ठेवा आणि पुण्याला पुराभिलेखागारात किंवा भारत इतिहास संशोधक मंडळात जाणकारांना दाखवा. तोवर जेवढा भाग आपोआप उघडा आहे तेवढ्याचे फोटो दिवसाच्या उजेडात, फ्लॅश न वापरता काढून इथे टाका, मी वाचून देतो. १६५१ ची सुतारकी असेल तर बलुत्याचे दर त्यात असण्याची बरीच शक्यता आहे.

---

माळरान

रविवारी गावी जातोय. फोटो टाकतो.